सगळ्यांचीच गेलीय ना?

लाइट गेल्यावर मराठी माणूस पहिल्यांदा काय करतो? मेणबत्ती शोधत नाही. काडेपेटीही शोधत नाही. तो आधी गॅलरीत येतो आणि समोरच्या इमारतीकडे बघतो. तिथेही काळोख असला की त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरतं. (काळोखात ते दिसत नाही, पण असतं.) "सगळ्यांचीच गेलीय!" असं तो आत ओरडून सांगतो आणि घरातली मंडळीही "हां, मग ठीक आहे" म्हणून निवांत होतात. वास्तविक सगळ्यांची गेली म्हणून आपला पंखा काही फिरायला लागत नाही. घाम तेवढाच येतो, डासही तेवढेच चावतात. तरी बरं वाटतं. उलट समोर झगझगाट आणि आपल्याच घरात अंधार असला, की तीच दहा मिनिटं असह्य होतात. आपला फ्यूज उडाला याचं दुःख नसतं. समोरच्यांचा उडाला नाही याचं असतं.

कुणी म्हणेल हा मत्सर आहे. मला तसं वाटत नाही. माझ्या मते हे समतेचं प्रेम आहे. आपल्या देशात सुख कधी सारखं वाटलं गेलं नाही, पण अंधाराची वाटणी मात्र काटेकोर असायची. एका फीडरवरचे डॉक्टर, वकील, भाजीवाले आणि भाडेकरू एकाच क्षणी आंधळे होत. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रिड एकदम कोसळली. सुमारे ६० कोटी माणसं राहतात एवढ्या मुलखाची वीज गेली. दिल्लीची मेट्रो जागच्या जागी उभी राहिली. तेव्हा साऱ्या जगाने हळहळ व्यक्त केली. मला मात्र त्यात कुठेतरी लोकशाहीचा विजय दिसला. गेली तर सगळ्यांचीच गेली!

या समतेला सुरुंग लावला तो इन्व्हर्टरने.

२००५ पासून पुढची सात-एक वर्षं महाराष्ट्राने भारनियमन नावाचा संसार केला, हे वाचकांना आठवत असेलच. खेड्यांतून दिवसाचे बारा-बारा तास वीज नसायची. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावी वेळापत्रक असे, आणि ते एसटीच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाळलं जाई. अशात २००७ साली आमची कन्या दहावीत गेली. दहावीतली मुलगी घरात असली की बाप कसलंही कर्ज काढायला तयार होतो. मी इन्व्हर्टर घ्यायला निघालो.

दुकानदाराने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "साहेब, आधी सांगा, तुम्हाला चालवायचं काय काय?"

आयुष्यात इतका मूलभूत प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आपल्याला नेमकं काय हवंय, हे माणसाला कुठे ठाऊक असतं? मी घरी येऊन कुटुंबाची सभा बोलावली. हिला फ्रिज आणि मिक्सर हवा होता. चिरंजीवांना टीव्ही हवा होता, कारण क्रिकेट. आईला देवघरातला झिरोचा दिवा हवा होता. जिच्यासाठी हा घाट घातला ती कन्या म्हणाली, "मला काही नको, मी आत्याकडे जाऊन अभ्यास करीन." मला स्वतःला इस्त्री हवी होती, पण मी ते बोललो नाही.

यादी घेऊन मी परत गेलो. दुकानदाराने यादीच्या पाठीवर हिशेब मांडला. बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी. बारा गुणिले दीडशे म्हणजे अठराशे वॉट-तास. मीटरच्या भाषेत दोन युनिटसुद्धा नाहीत. त्यातले थोडे इन्व्हर्टर स्वतःच खातो, आणि बॅटरी पार तळापर्यंत उपसली तर तिचं आयुष्य घटतं. तेव्हा हातात बाराशे आले असं धरायचं. पंखा पंचाहत्तर वॉट, ट्यूब चोकसकट पन्नास. दोन पंखे, दोन ट्यूब म्हणजे अडीचशे. बाराशे भागिले अडीचशे, पाचेक तास.

"आणि फ्रिज?"

"फ्रिज चालताना दीडशे-दोनशे खातो साहेब, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट झटका मारतो. आठशे व्हीएचा इन्व्हर्टर मान टाकेल."

"इस्त्री?" मी हळूच विचारलं.

दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की कुणी एखाद्या साधूकडे मटणाची चौकशी करावी. "हजार वॉट! आणि गीझर दोन हजार. ही मंडळी इन्व्हर्टरवर घ्यायचीच नाहीत. तुम्हाला लागणारे पॉइंट वेगळे काढू, तेवढेच याच्यावर. बाकीचं घर अंधारात राहू द्या."

अपरिग्रहावर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत, पण गरज आणि हौस यांतला फरक पाच मिनिटांत समजावून देणारा हा पहिलाच गुरू. त्याचं म्हणणं आजही खोटं झालेलं नाही. हल्ली नऊ वॉटचा एलईडी मिळतो, तीसेक वॉटचा पंखा मिळतो. तेच दोन पंखे, तेच दोन दिवे, तीच बॅटरी, आणि पाच तासांचे पंधरा होतात. बॅटरी मोठी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे गरज लहान करणं. हे उपनिषदात असेलही, पण मला ते बिलाच्या पाठीवर मिळालं.

मग जागेचा प्रश्न आला. आईने देवघराखालचा कोनाडा सुचवला. दार लावलं की दिसायला नको. बसवायला आलेला वायरमन कोनाड्यासमोरची उदबत्ती पाहून दोन पावलं मागे सरला. "आजी, ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद जागेत साठला की एक ठिणगी पुरते. देवाला उदबत्ती लागते आणि हिला ती चालत नाही. दोघांचं जमायचं नाही." शेवटी पॅसेजमधल्या खिडकीखाली, वारा खेळेल अशा जागी बॅटरीची प्रतिष्ठापना झाली. तिच्यात नळाचं पाणी घालायचं नाही, डिस्टिल्डच घालायचं, तेही खुणेपर्यंतच. घालताना डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, कारण आत गंधकाम्ल. आणि तिच्या दोन टोकांना एकाच वेळी धातू लागला तर बारा व्होल्टसुद्धा पाना लालभडक करतात. मंगळसूत्र-बांगड्या घालून बॅटरीवर वाकायचं नाही, असं वायरमनने सांगितलं, आणि ते काम कायमचं माझ्याकडे आलं. दसऱ्याला आई बॅटरीची पूजा करते ती लांबून. हळदकुंकू ट्रॉलीला, झेंडूचं फूल ट्रॉलीवर, आणि उदबत्ती? "ती मनातल्या मनात."

इथवर सगळं शास्त्र होतं. नीतिशास्त्र सुरू झालं त्या संध्याकाळी सात वाजता.

लाइट गेली. साऱ्या इमारतीतून नेहमीचा "गेऽऽली!" असा सामुदायिक पुकारा झाला. आमच्या घरात मात्र नुसतं 'टिक्' झालं. ट्यूब लागली, पंखा फिरू लागला. आम्ही जेवायला बसलो. साधी मुगाची खिचडी होती, पण खालच्या अंधारातून ती मेजवानीसारखी दिसत असणार. उजेडाचा एक विचित्र गुण आहे. त्यात बसलेल्याला बाहेरचं काही दिसत नाही, आणि बाहेर उभा असलेल्याला आतलं सगळं दिसतं. खालून कुणीतरी म्हणालं, "त्यांची नाही गेली!" त्या 'त्यांची' या शब्दाने काल संध्याकाळपर्यंत 'आपण' असलेला मी एकदम 'ते' झालो.

आईने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "एकट्यानेच उजेडात बसायला कसंतरी होतं रे." आणि उठून तिने दार सताड उघडलं.

त्या दारातून आधी दहावीची तीन मुलं आली. एका ट्यूबखाली एक मुलगी अभ्यास करते तेव्हा जेवढे वॉट लागतात तेवढेच चौघांना लागतात, त्यामुळे इथवर धर्म आणि गणित यांचं जमलं. दुसऱ्या दिवशी खालच्या काकू आल्या. "भावजी, एक वायर खाली सोडता का गॅलरीतून? एकच पंखा. ह्यांना रात्री दम लागतो, उकाड्यात फार घाबरतात."

आता काय करायचं? लहानपणापासून आपण ऐकत आलो की एका दिव्याने दुसरा लावला तर पहिल्याचं काही कमी होत नाही. ही उपमा ज्याने दिली त्याच्याकडे तेलाचा दिवा होता. इन्व्हर्टर नव्हता. बॅटरीतला उजेड वाटला की तेवढा कमी होतो. काकूंचा एक पंखा लावला की आमच्या पाच तासांतला तासभर गेला. त्यांच्या पाठोपाठ वरचे आले, शेजारचे आले, की आम्ही सगळे मिळून अर्धा तास उजेडात आणि उरलेला वेळ पूर्वीसारखेच अंधारात. बरं, देऊ नये म्हटलं तर खाली एक माणूस धापा टाकतोय आणि वर मी त्याच वेळी पंख्याखाली माणुसकीवर लेख लिहितोय, हे चित्र मलाच बघवेना. शिवाय गॅलरीतून लोंबणारी हलकी वायर, पावसात भिजणारी, कुणाच्या तरी कपड्यांच्या दोरीला घासणारी. म्हणजे चांगुलपणाच्या दुसऱ्या टोकाला शॉर्टसर्किट.

कोडं हिने सोडवलं. "अहो, पंखा खाली कशाला न्यायचा? काकांनाच वर आणा." तेव्हापासून दीड वर्ष, वेळापत्रकाप्रमाणे, काका उशी घेऊन आमच्या हॉलमध्ये झोपायला यायचे. एक वॉटही जास्त लागला नाही. काकूंकडून दिवाळीला बेसनाचे लाडू यायला लागले ते अजून येतात. तात्पर्य, वीज वाटता येत नसेल तर खोली वाटावी.

ही झाली सोपी नीती. शेजारी दिसतो, त्याची धाप ऐकू येते, त्याचे लाडू येतात. अवघड नीती समोरच्या बंगल्यात राहत होती.

समोरच्या अण्णांनी आमच्यावर मात करायची म्हणून पेट्रोलवरचा जनरेटर आणला. आधी त्यांनी तो काचा लावलेल्या व्हरांड्यात ठेवला. पावसात भिजू नये म्हणून. त्यांच्या डॉक्टर सुनेने तो त्याच दिवशी अंगणाच्या टोकाला, खिडक्यांपासून लांब नेऊन ठेवायला लावला. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास, आणि झोपलेल्या माणसाला तो जागंही करत नाही. मग अण्णांना सारं घर एकदम उजळायची युक्ती सुचली. दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर करायची, एक टोक जनरेटरला आणि दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. घरातल्या वायरिंगमधून वीज आपोआप सगळीकडे. युक्ती मला दाखवायला त्यांनी मुद्दाम बोलावलं. योगायोगाने कोपऱ्यावरच्या खांबाचं काम उरकून लाइनमन पाणी प्यायला फाटकात आला होता. त्याने ती वायर पाहिली आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"अण्णा, हे लावताना मेन स्विच बंद करता ना?"

"करतो की. आठवण राहिली तर."

"म्हणजे तुमच्या आठवणीवर माझी बायको कुंकू लावते म्हणायची."

अण्णा हसले. तो हसला नाही. त्याने काठीने अंगणातल्या मातीत डीपीची आकृती काढून दाखवली. डीपीला दिशा कळत नाही. वरून अकरा हजार व्होल्ट आले की ती खाली घरगुती २३० करून देते; खालून तुमचे २३० उलटे गेले की तीच वर अकरा हजार करते. "लाइन बंद केली, असं समजून मी खांबाला हात घालतो. अर्थिंग करून चढायचा नियम आहे, करतो पण. तरी माणूस आहे, रात्र असते, पाऊस असतो, वरून फोन येत असतात. सबस्टेशनातून येणारी वीज मी बंद करू शकतो अण्णा. तुमच्या घरातून येणारी कोण बंद करणार?"

उपाय काही शेकड्यांत मिळतो. त्याला चेंजओव्हर स्विच म्हणतात. एकतर कंपनीची वीज, नाहीतर जनरेटरची. दोन्ही एकदम जोडताच येत नाहीत, मग आठवण राहो न राहो. तो परवानाधारक माणसाकडून बसवून घ्यायचा. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी बसवला. ती दुतोंडी वायर लाइनमनने समोर उभं राहून कापायला लावली.

त्या दिवसापासून मी या स्विचचा विचार करतो आहे. काका आमच्या पंख्याखाली झोपले त्याचं पुण्य आम्हाला सगळ्या इमारतीने दिलं. चेंजओव्हर स्विच बसवल्याचं अण्णांना कोण देणार? ज्या रात्री तो लाइनमन खांबावर चढून सुखरूप खाली उतरला, त्या रात्री आपण अण्णांमुळे वाचलो हे त्याला कळलंही नसेल. न मेलेला माणूस आभार मानायला येत नाही, कारण आपण मरणार होतो हेच त्याला माहीत नसतं. दानधर्म करताना समोर कुणीतरी हात पसरून उभा असतो. इथे कुणीच उभं नसतं. तो कुठल्या तरी खांबावर असतो, आपल्याकडे पाठ करून, आपल्यावर विश्वास ठेवून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडात शिरलं, हजारो खांब आडवे झाले आणि पुढे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यांतले लाइनमन तिथे जाऊन खांब उभे करत होते. परक्या गावातल्या कुठल्या घरात जनरेटर आहे आणि कुठल्या घरात दुतोंडी वायर आहे, हे त्यांना कुणी सांगितलं असेल?

याचं उत्तर हल्ली यंत्रं द्यायला लागली आहेत. माझ्या एका मित्राने गच्चीवर सोलर बसवलं, बॅटरीशिवायचं, ग्रिडला जोडलेलं. एका भर दुपारी लाइट गेली आणि सोलरही बंद! रणरणतं ऊन, चकचकीत पॅनल आणि घरात पंखा बंद. मित्र भडकला. फसवलं म्हणाला. कुणी फसवलं नव्हतं. बाहेरची वीज गेली की त्या यंत्राने क्षणात स्वतःला बंद करायचं, अशीच त्याला शिकवण असते. कारण चालू राहिलं तर बंद समजलेल्या लाइनीत वीज जाईल आणि वर कुणी तरी असेल. (उन्हाची वीज अशा वेळीही हवी असेल तर बॅटरीवालं, आधी स्वतःला बाहेरच्या लाइनीपासून तोडून घेणारं यंत्र घ्यावं लागतं.) इंजिनिअर लोक या भानगडीला 'आयलंडिंग' म्हणतात. सगळीकडे अंधार असताना एकटंच उजळलेलं घर, म्हणजे बेट. असं बेट कुणाला नकळत होऊ द्यायचं नाही, एवढाच त्या शास्त्राचा आग्रह. माणसाला नीती शिकवायला हजारो वर्षं लागली आणि अजून अभ्यासक्रम संपलेला नाही. त्या डबीला ती कारखान्यातच शिकवून पाठवतात.

आता आमच्या इमारतीत प्रत्येकाकडे इन्व्हर्टर आहे. लाइट गेली की सोळा घरांत सोळा 'टिक्' होतात आणि कुणी गॅलरीत येत नाही. परवा तर तीन तास लाइट नव्हती आणि कुणाला पत्ताच नव्हता. तक्रार कुणी केली नाही, कारण कुणाच्याच घरात अंधार नव्हता. अंधार होता तो जिन्यात आणि फाटकावरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये. पहिल्या मजल्यावरच्या आजी जिन्यात एक पायरी चुकल्या, सुदैवाने कठड्याला धरून बसल्या, तेव्हा कळलं. सोळा घरांत उजेड होता. जो कुणाचाच नव्हता तो जिना तेवढा अंधारात.

सोसायटीची सभा झाली. जिन्यात तीन आणि केबिनमध्ये एक असे नऊ वॉटचे चार दिवे, एकूण छत्तीस वॉट, म्हणजे आमच्या जुन्या पंख्याच्या निम्म्याहून कमी. छोटा इन्व्हर्टर कुणाच्या दारापाशी ठेवायचा, तळमजल्याने जिन्याचे पैसे का द्यायचे आणि केबिन ही सोसायटीची जबाबदारी की वॉचमन पुरवणाऱ्याची, यावर पाऊण तास चर्चा रंगली. शेवटी सेक्रेटरींना वाटलं, ज्याच्यासाठी हे चाललंय त्यालाही विचारावं. वॉचमन खुर्च्या मांडून कोपऱ्यात उभा होता.

"मला काय साहेब," तो म्हणाला, "तुमच्या खिडक्यांतला पडतो की थोडा खाली. चालतं तेवढ्यावर."

सभेत कुणी काही बोललं नाही. मग ठराव एकमताने मंजूर झाला. छत्तीस वॉट.